दुचाकीच्या विजेचा जमाखर्च

प्रस्तावना

घरातील विजेचे बिल महिन्याच्या महिन्याला येते. त्यामुळे कोणता दिवा विनाकारण जळतो आहे आणि कोणता पंखा रिकाम्या खोलीत फिरतो आहे, याकडे घरातील कोणाचे ना कोणाचे लक्ष असते. मोटारसायकलच्या विजेचे बिल मात्र कधीच येत नाही. म्हणूनच ती वीज फुकटची आहे आणि हवी तेवढी घेता येते, असा समज सहज होतो. फोनचा चार्जर, धुक्यातले जादा दिवे, कॅमेरा, मोठा भोंगा, थंड प्रदेशात गरम होणाऱ्या मुठी अशी एकेक वस्तू हँडलवर चढत जाते आणि एके दिवशी गाडी सुरूच होत नाही.

प्रस्तुत पाठ माहितीपर लेख आहे. त्याच्या अभ्यासानंतर दुचाकीवर वीज कोठून येते व कोठे जाते, हे तुम्हांला स्वतःच्या शब्दांत सांगता येईल. तुमच्या गाडीवरील उपकरणांचा हिशेब मांडता येईल. तसेच रोजच्या बोलण्यातील ‘करंट’ या एका शब्दामागे किती वेगवेगळे अर्थ दडलेले असतात, हेही ओळखता येईल.

एक प्रसंग

समजा, इंदूर शहरात एक तरुण दुचाकीवरून घरोघरी पार्सले पोहोचवण्याचे काम करतो. त्याच्या कामाचा सगळा तपशील, म्हणजे पत्ता, नकाशा, ग्राहकाचा क्रमांक आणि घ्यावयाची रक्कम, फोनवरच असतो. फोन बंद पडला की काम थांबते. म्हणून तो कोपऱ्यावरच्या गॅरेजात चार्जर बसवून घेतो. तेथील मिस्त्री बॅटरीच्या धन टोकापासून तार ओढतो आणि ती चार्जरच्या तारेला पिळून वर काळी चिकटपट्टी गुंडाळतो. दहा मिनिटांत काम होते. पुढे पावसाळ्यात रस्ता नीट दिसत नाही, म्हणून त्याच तारेवर दोन जादा दिवेही चढतात.

काही आठवडे सर्व ठीक चालते. मग एका सकाळी तो ‘सेल्फ’चे बटण दाबतो, तेव्हा इंजिनाऐवजी नुसता ‘टक् टक्’ असा आवाज येतो. गाडीला किक नाही. ढकलूनही ती सुरू होत नाही, कारण नव्या गाड्यांत इंधन पंपाने इंजिनापर्यंत जाते आणि त्या पंपालाही वीज लागते. त्या दिवसाची मजुरी बुडते. मिस्त्री म्हणतो, “बॅटरीत करंट नाही, नवी टाका.” तरुण नवी बॅटरी टाकतो. दोन महिन्यांनी पुन्हा तेच घडते.

येथे दोष बॅटरीचा नव्हता. मग तो कोणाचा होता? ते समजण्यासाठी वीज कोठून निघते, हे आधी पाहिले पाहिजे.

जमेची बाजू

गाडीतील सगळी वीज बॅटरीतून येते, अशी अनेकांची कल्पना असते. इंजिन चालू असताना ती बरोबर नसते. दुचाकीत वीज निर्माण करणारे यंत्र इंजिनातच बसवलेले असते. इंजिनाच्या दांड्याबरोबर चुंबक फिरतात आणि त्यांच्यापाशी तांब्याच्या तारेची वेटोळी स्थिर असतात. चुंबक फिरले की वेटोळ्यांत वीज निर्माण होते. चुंबकत्वापासून वीज मिळवण्याचे हे तत्त्व मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये प्रयोगाने दाखवून दिले. गॅरेजात या यंत्राला ‘मॅग्नेट’ किंवा ‘कॉइल’ म्हणतात. त्यातून निघणारी वीज सतत दिशा बदलणारी, म्हणजे प्रत्यावर्ती असते. बॅटरीला मात्र एकाच दिशेने वाहणारी, म्हणजे दिष्ट वीज लागते. म्हणून मध्ये रेग्युलेटर-रेक्टिफायर नावाची एक पेटी असते. ती विजेची दिशा एक करते आणि तिचा दाब साधारण १४ व्होल्टच्या आसपास रोखून धरते.

बहुतेक दुचाकींत असणारी शिसे आणि आम्ल यांची बॅटरी हे फ्रेंच शास्त्रज्ञ गॅस्टन प्लांते यांच्या १८५९ मधील शोधाचे सुधारलेले रूप होय. बॅटरी वीज निर्माण करीत नाही, ती साठवून ठेवते. संसाराच्या भाषेत सांगायचे तर मॅग्नेट ही रोजची मिळकत आणि बॅटरी ही गाठीची शिल्लक. इंजिन सुरू करताना सेल्फला एकदम मोठा प्रवाह लागतो, तो या शिलकीतून जातो. इंजिन चालू झाले की मिळकत सुरू होते, त्यातून दिवे, ठिणगी, पंप यांचा खर्च भागतो आणि काही उरले तर शिलकीत भर पडते.

दुचाकीची ही शिल्लक मुळात लहान असते. तिचे माप ‘अँपिअर-तास’ या एककात सांगतात. शंभर-सव्वाशे सीसीच्या कित्येक गाड्यांत ही बॅटरी अवघी ३ ते ५ अँपिअर-तासांची असते. ४ अँपिअर-तास याचा ढोबळ अर्थ, १ अँपिअर प्रवाह चार तास, किंवा अर्धा अँपिअर आठ तास. मोटारीची बॅटरी याच्या कितीतरी पट मोठी असते. त्यामुळे मोटारीत खपून जाणारी हयगय दुचाकीत खपत नाही.

मिळकतीबद्दल आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. ती इंजिनाच्या वेगावर अवलंबून असते. महामार्गावर गाडी भरपूर वीज निर्माण करते, पण शहरात लाल दिव्यापाशी इंजिन मंद धडधडत असते तेव्हा तीच मिळकत बरीच कमी होते. ज्यांनी जुन्या गाड्या चालवल्या आहेत त्यांना हे वेगळे सांगायला नको. त्यांतील कित्येक गाड्यांचा हेडलाइट थेट कॉइलवर चालत असे आणि मूठ पिळली की उजळे, सोडली की मिणमिणे. दिव्याच्या त्या चढउतारात जमेची बाजू डोळ्यांना दिसत होती!

पाठगत प्रश्न
मॅग्नेट आणि बॅटरी यांच्या कामांतील फरक दोन-तीन वाक्यांत लिहा. किक नसलेली नवी गाडी बॅटरी उतरल्यावर ढकलूनही का सुरू होत नाही?

खर्चाची बाजू

उपकरण किती वीज खाते, हे त्याच्यावर वॅटमध्ये लिहिलेले असते. वॅटला व्होल्टने भागले की त्यातून वाहणारा प्रवाह अँपिअरमध्ये मिळतो. एवढा एक भागाकार आला तरी पुरेसा आहे. ३५ वॅटचा हेडलाइट १२ व्होल्टवर सुमारे २.९ अँपिअर घेतो, तर १५ वॅटचा चार्जर सव्वा अँपिअर घेतो.

आता त्या तरुणाच्या गाडीचा हिशेब मांडू. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. गाडीगणिक ते बदलतील. समजा, मध्यम वेगाला त्याच्या गाडीचा मॅग्नेट १२० वॅट वीज देतो. १ एप्रिल २०१७ पासून आपल्या देशात तयार होणाऱ्या दुचाकींत इंजिन चालू असेपर्यंत हेडलाइट पेटलेलाच राहतो. त्यामुळे दिवसाही ३५ वॅट खर्च होतात. मागच्या दिव्याचे ५ वॅट आणि ठिणगी, इंधन पंप, संगणकीय नियंत्रक व मीटर यांचे मिळून ४० वॅट धरले, तर गाडीचा स्वतःचा खर्च ८० वॅट होतो. उरले ४० वॅट. त्यांतून चार्जरचे १५ गेले तरी २५ वॅट बॅटरीसाठी राहतात. येथपर्यंत सर्व ठीक आहे.

यावर प्रत्येकी २० वॅटचे दोन जादा दिवे लावले की ४० वॅटचा खर्च वाढतो. म्हणजे एकूण खर्च १३५ वॅट आणि मिळकत १२० वॅट. तूट १५ वॅटची, म्हणजेच सव्वा अँपिअरची. ही तूट शिलकीतून भरली जाते. ४ अँपिअर-तासांच्या बॅटरीतील अर्धी वीज, म्हणजे २ अँपिअर-तास, संपायला तासाभराहून थोडा अधिक, सुमारे १ तास ३६ मिनिटे एवढाच वेळ लागतो.

हा हिशेब गाडी धावत असतानाचा झाला. पार्सलवाल्याचा दिवस मात्र गर्दीत जातो. थांबलेल्या गाडीत मिळकत समजा ८० वॅटवर आली, तर ती गाडीच्या स्वतःच्या खर्चातच संपते. त्यात ब्रेक दाबून उभे राहिले की मागचा २१ वॅटचा ब्रेकचा दिवाही पेटतो. शिवाय प्रत्येक घरापाशी गाडी बंद करायची आणि पुन्हा सेल्फने सुरू करायची. त्या तरुणाच्या दोन्ही बॅटऱ्या अशा थेंबाथेंबाने रित्या झाल्या. शिसे-आम्ल बॅटरी वारंवार निम्म्याखाली उतरली व तशीच राहिली, तर तिच्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात. मग ती पूर्वीइतकी वीज साठवू शकत नाही. बॅटरी खराब निघाली, असे आपण म्हणतो. पुष्कळदा तिला आपणच खराब केलेले असते.

हा हिशेब कागदावर न मांडता प्रत्यक्ष पाहण्याचीही सोय आहे. साधा मल्टिमीटर बॅटरीच्या दोन टोकांना लावावा. गाडी काही तास बंद असताना १२.६ व्होल्टच्या वर आकडा दिसला तर बॅटरी भरलेली आहे. १२.२ च्या आसपास असेल तर ती निम्मी उतरली आहे. इंजिन चालू करून थोडा वेग दिला की आकडा १३.५ ते १४.५ च्या दरम्यान यायला हवा. नंतर सर्व उपकरणे लावून इंजिन मंद ठेवावे. आकडा १३ च्या खाली घसरत राहिला, तर जमेपेक्षा खर्च अधिक आहे असे खुशाल समजावे.

चावी काढल्यानंतर

त्या तरुणाचा चार्जर थेट बॅटरीला जोडलेला होता. चावी काढली तरी तो जागाच राहतो. फोन लावलेला नसला तरी आतील परिपथ थोडा प्रवाह घेत असतो. तो ०.०२ अँपिअर धरला, तर दिवसाच्या २४ तासांत ०.४८ अँपिअर-तास वीज जाते. रोज गाडी चालवणाऱ्याला हे जाणवत नाही. पण दिवाळीला आठ दिवस गावी गेलेला माणूस परत येतो तेव्हा ३.८४ अँपिअर-तास गेलेले असतात. चारांपैकी जवळजवळ सगळेच! चार्जरवरच्या इवल्याशा निळ्या दिव्याकडे या दृष्टीने पाहावे.

म्हणून जादा उपकरणांची वीज चावीच्या अधीन असावी. एकट्या चार्जरसाठी फार खटाटोप नको. चावी फिरवल्यावरच ज्या तारेत वीज येते, तिच्यातून लहान फ्यूज घालून तो जोडला तरी चालतो. आता अनेक गाड्यांत कंपनीनेच असे छिद्र दिलेले असते, आणि ते असेल तर वेगळा चार्जर लावण्याची गरजच नाही. दिव्यांची किंवा मोठ्या भोंग्याची गोष्ट निराळी आहे. त्यांचा प्रवाह मूळच्या बारीक तारांतून आणि चावीच्या स्विचमधून नेणे योग्य नव्हे. तेथे रिले वापरतात. रिले म्हणजे विजेने चालणारा स्विच. चावीकडून आलेला अगदी थोडा प्रवाह त्यातील वेटोळ्याला चुंबक बनवतो, चुंबक आतली पट्टी ओढतो आणि बॅटरीकडून दिव्याकडे जाणारी जाड तार जोडली जाते. रिलेच्या खाली आकडे कोरलेले असतात. ८५ व ८६ ही वेटोळ्याची टोके, ३० वर बॅटरीची तार आणि ८७ वर उपकरण.

तार, सांधा आणि वितळतार

बारा व्होल्टने माणसाला झटका बसत नाही, म्हणून बारा व्होल्ट निरुपद्रवी, हा समज सर्वांत घातक आहे. झटका बसत नाही हे खरे. पण बॅटरीच्या धन टोकाची तार घासून गाडीच्या लोखंडी सांगाड्याला टेकली, तर तिच्यातून एकाएकी प्रचंड प्रवाह वाहतो, कारण सांगाडा ऋण टोकाला जोडलेला असतो. यालाच लघुपरिपथन, व्यवहारात ‘शॉर्ट’ म्हणतात. बारीक तार क्षणार्धात लाल होते आणि तिचे वेष्टन पेट घेते. त्या तारेच्या वितभर वर पेट्रोलची टाकी असते.

या संकटावर जो उपाय आहे त्याचे मराठी नाव फार बोलके आहे. वितळतार म्हणजेच फ्यूज. ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त प्रवाह आला की ती स्वतः वितळते आणि परिपथ तोडते. फ्यूज उपकरणाला वाचवण्यासाठी असतो, असे अनेकांना वाटते. तो मुख्यतः तारेला वाचवतो. म्हणून त्याची जागा उपकरणापाशी नसून बॅटरीच्या धन टोकाजवळ, शक्य तितकी जवळ असते. बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधील तुकडा कोणीच राखत नसतो, तो जितका आखूड तितका बरा. फ्यूज निवडताना खर्चाचा प्रवाह पाहावा. सव्वा अँपिअरच्या चार्जरला २ किंवा ३ अँपिअरचा फ्यूज पुरतो. पात्यासारख्या फ्यूजवर आकडा लिहिलेला असतो आणि रंगही ठरलेला असतो. १० चा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा. फ्यूज उडाला म्हणून त्याच्या जागी सिगारेटच्या पाकिटातील चंदेरी कागद गुंडाळण्याची जी युक्ती रस्त्यात सांगितली जाते, ती म्हणजे रखवालदाराला सुट्टी देऊन दार उघडे टाकणे होय.

तारेची जाडीही महत्त्वाची आहे. बारीक तारेचा किंवा सैल सांध्याचा रोध ०.३ ओहम असेल आणि त्यातून ५ अँपिअर प्रवाह गेला, तर दीड व्होल्ट वाटेतच हरवतात. दिवा मंद जळतो आणि साडेसात वॅट उष्णता त्या सांध्यावर निर्माण होते. तार सोलून नुसती पिळण्यातला दोष हाच. काही केसांएवढ्या तारा तुटलेल्या असतात, गाडीच्या थरथरीने पीळ सैल होतो, पावसाचे पाणी शिरते आणि चिकटपट्टीचा डिंक उन्हाने वितळतो. धातूची टोपी दाबून बसवलेला किंवा डाख दिलेला सांधा, आणि वर उष्णतेने आक्रसणारी नळी, हे काम अर्धा तास अधिक घेते. ते मागून घ्यावे. तार नेताना ती सायलेन्सरपासून दूर ठेवावी. हँडल वळते तेथे तिला थोडी ढील द्यावी, अन्यथा महिनाभराच्या वळण्यानेच ती तुटते.

काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीचे ऋण टोक आधी सोडवावे. या क्रमाला कारण आहे. धन टोकाला पाना लावलेला असताना तो चुकून सांगाड्याला लागला, तर पान्यातूनच लघुपरिपथन होते. ऋण टोक आधीच सुटलेले असले की हा धोका राहत नाही. जोडताना क्रम उलटा, म्हणजे धन आधी आणि ऋण शेवटी.

विजेवर चालणाऱ्या स्कूटरची रचना वेगळी असते. तिच्या मुख्य बॅटरीचा दाब पुष्कळ अधिक असतो आणि त्यातून दिव्यांसाठी १२ व्होल्ट वेगळे काढलेले असतात. त्या मुख्य बॅटरीला घरच्या घरी हात लावू नये, एवढेच येथे पुरे.

‘करंट’ हा शब्द

आता मिस्त्रीच्या वाक्याकडे परत जाऊ. “बॅटरीत करंट नाही.” या वाक्यातून नेमके काय कळते? विजेचा दाब कमी आहे, असे त्याला म्हणायचे असेल. त्यासाठी शास्त्राचा शब्द ‘विभवांतर’ आहे आणि तो व्होल्टमध्ये मोजतात. बॅटरीची साठवण्याची ताकद गेली आहे, असेही असेल. ती ‘धारकता’ होय. किंवा तार तुटल्यामुळे वीज वाहतच नसेल. हा वाहण्याचा अर्थच तेवढा ‘करंट’चा, म्हणजे ‘विद्युतधारा’ या शब्दाचा मूळ अर्थ आहे. तीन वेगळे दोष, तीन वेगळे उपाय आणि बोलण्यात शब्द एकच. दाब कमी असेल तर बॅटरी पुन्हा भारित करून भागते. तार तुटली असेल तर सांधा पुरतो. नवी बॅटरी घेण्याची वेळ धारकता गेली तरच येते. त्या तरुणाला दोन महिन्यांच्या अंतराने दोन वेळा जो भुर्दंड पडला, त्यात हिशेब न मांडण्याचा वाटा होता, तसाच या मोघम शब्दाचाही होता.

याचा अर्थ गॅरेजात जाऊन ‘विभवांतर’ म्हणावे असा नाही. फ्यूज, रिले, वायरिंग हे शब्द मराठीत रुळले आहेत आणि ते वापरण्यात काहीही वावगे नाही. “करंट नाही म्हणजे काय? व्होल्ट किती दाखवतो?” एवढा प्रश्न विचारता आला, तरी मीटर बाहेर येतो.

तिसऱ्या खेपेस त्या तरुणाने हा प्रश्न विचारला, असे समजू. मीटरवर मंद इंजिनाला, सर्व दिवे लावून, १२.४ व्होल्ट दिसले. मिस्त्रीने जादा दिव्यांसाठी रिले आणि हँडलवर वेगळा स्विच बसवला. चार्जर चावीच्या तारेवर घेतला आणि बॅटरीजवळ फ्यूज घातला. आता शहरात जादा दिवे बंद असतात. बायपासला लागल्यावर तो ते लावतो.

पाठान्त प्रश्न

१. ‘वितळतार’ या शब्दाची फोड करा आणि नावावरून तिचे काम कसे कळते ते लिहा. ‘परिपथ’, ‘विद्युतधारा’ या शब्दांचाही असाच विचार करा.

२. “फ्यूज मुख्यतः तारेला वाचवतो.” हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.

३. एका गाडीचा मॅग्नेट १५० वॅट देतो आणि गाडीचा स्वतःचा खर्च ९० वॅट आहे. १५ वॅटचा चार्जर आणि ३५ वॅटच्या गरम मुठी एकाच वेळी चालवल्यास किती वॅट उरतील? त्यात २० वॅटचा एक दिवा वाढवला तर तूट किती अँपिअरची होईल?

४. तुमच्या परिसरातील गॅरेजात विजेच्या कामासंबंधी बोलले जाणारे दहा शब्द ऐकून लिहा. ते कोणत्या भाषेतून आले असतील आणि तेथे कोणत्या अर्थाने वापरले जातात, याची नोंद करा.

५. तुमच्या किंवा शेजाऱ्यांच्या दुचाकीवरील दिव्यांचे व उपकरणांचे वॅट पाहून खर्चाची यादी तयार करा. त्यांपैकी चावी काढल्यावरही चालू राहणाऱ्या वस्तूंपुढे खूण करा.